एचटीटीपी/2 लायब्ररी वापरताना कनेक्शन आणि स्ट्रीमचा हिशेब कसा ठेवायचा

स्टेटस 200 येतं, सगळे हेडर नीट दिसतात आणि बॉडी मात्र येतच नाही. लॉगमध्ये एकही एरर नाही, सीपीयू निवांत, सॉकेट उघडं. प्रोसेस रीस्टार्ट केली की सगळं सुरळीत, आणि काही तासांनी पुन्हा तेच. एचटीटीपी/2 ची लायब्ररी खालच्या पातळीवर हाताळणाऱ्याच्या वाट्याला हे दुखणं कधी ना कधी येतंच. पहिला संशय नेटवर्कवर जातो, पण नेटवर्क बहुतेकदा निर्दोष असतं.

या प्रोटोकॉलमध्ये जवळपास प्रत्येक गोष्टीचा हिशेब दोन खात्यांत लागतो. एक खातं स्ट्रीमचं, म्हणजे एका रिक्वेस्टचं आणि तिच्या रिस्पॉन्सचं. दुसरं कनेक्शनचं, म्हणजे त्या सगळ्या स्ट्रीम ज्या एका टीसीपी सॉकेटवरून वाहतात त्याचं. स्ट्रीमचं खातं डोळ्यांसमोर असतं, म्हणून ते मिटवलं जातं. कनेक्शनचं राहून जातं. खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच प्रश्न मनात ठेवा: आत्ता जे घडलं ते कोणत्या खात्यात गेलं?

उदाहरणं मी मुख्यतः दोन लायब्रऱ्यांची घेतो: पायथनमधली एच2 आणि सी भाषेतली एनजीएचटीटीपी2. तुम्ही गो, रस्ट किंवा नोडमध्ये काम करत असाल तर नावं बदलतील, पण नियम तेच राहतील. ते आरएफसी 9113 या प्रोटोकॉलच्या अधिकृत नियम-दस्तऐवजात आहेत. 2015 च्या आरएफसी 7540 ची जागा या दस्तऐवजाने जून 2022 मध्ये घेतली.

## पायरी 1: लायब्ररीचं काम कुठे संपतं ते आधी ठरवा

पायथनची एच2 सॉकेटला हातही लावत नाही. सॉकेटवरून आलेले बाइट तुम्ही तिच्या रिसीव्ह_डेटा फंक्शनला द्यायचे; ती इव्हेंटची यादी परत देते: रिस्पॉन्सचे हेडर आले, डेटा आला, स्ट्रीम संपली, स्ट्रीम रीसेट झाली, विंडो (पोच येण्याआधी किती बाइट पाठवता येतील ती मर्यादा) वाढली. तुम्ही काही पाठवायला सांगितलं की ती ते आतल्या बफरमध्ये रचून ठेवते आणि डेटा_टू_सेंड मागितल्यावर बाइट हातात देते. एनजीएचटीटीपी2 मध्ये इव्हेंटऐवजी कॉलबॅक आहेत, बाकी रचना तीच.

यातून मुख्य लूपचा एक कडक नियम निघतो. बाइट आत दिले, इव्हेंट हाताळले, की लगेच बाहेर जायचे बाइट काढून सॉकेटवर लिहायचे. तुम्ही स्वतः काही पाठवलं नसलं तरीही. सेटिंग्जची पोच, पिंगचं उत्तर, विंडो अपडेट (विंडो वाढवणारा निरोप) या फ्रेम, म्हणजे या प्रोटोकॉलची ठरावीक रचनेची पाकिटं, लायब्ररी परस्पर तयार करते आणि त्या बफरमध्ये पडून राहतात. समोरचा सर्व्हर मग पोचेची वाट बघून बघून कनेक्शन तोडतो आणि तुमच्या लॉगमध्ये दिसतं फक्त "कनेक्शन बंद झालं".

दुसरा नियम कुलपाचा, म्हणजे लॉकचा. कनेक्शनचा ऑब्जेक्ट एकच, त्याच्याभोवती टास्क किंवा थ्रेड अनेक. या लायब्रऱ्या थ्रेड सांभाळत नाहीत. बाइट बफरमधून काढणं आणि ते सॉकेटवर लिहिणं या दोन गोष्टी एकाच कुलपाखाली हव्यात. नाहीतर दोन थ्रेड आपापला तुकडा उचलतात आणि सॉकेटवर उलट्या क्रमाने लिहितात. एचपॅक ही हेडरची कॉम्प्रेशन पद्धत संपूर्ण कनेक्शनसाठी एकच टेबल वापरते, त्यामुळे हेडरच्या दोन फ्रेमचा क्रम चुकला की फक्त त्या दोन स्ट्रीम नाही, सगळं कनेक्शन कॉम्प्रेशन एररने पडतं. मला विचाराल तर सगळ्यात सोपी रचना अशी: कनेक्शनच्या ऑब्जेक्टला हात लावणारा टास्क एकच ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या रांगेत निरोप टाकावेत. कुलपं कमी, झोप जास्त.

## पायरी 2: कनेक्शन उघडताना तीन गोष्टी एकदम पाठवा

टीएलएस या एन्क्रिप्शन थराच्या हँडशेकमध्ये एएलपीएनद्वारे (कोणता प्रोटोकॉल बोलायचा ते ठरवणारी सोय) दोन्ही बाजूंनी एचटीटीपी/2 वर एकमत झालं का, हे तपासा. झालं नसेल तर निमूटपणे एचटीटीपी/1.1 वर या. हा तपास गाळून पुढे गेलात तर समोरून 1.1 चा साधा मजकूर येतो आणि लायब्ररी तो फ्रेम समजून वाचायला जाते.

मग क्लायंटने 24 बाइटची ठरलेली प्रस्तावना पाठवायची, तिच्यामागोमाग सेटिंग्जची फ्रेम. एच2 मध्ये इनिशिएट_कनेक्शन हे दोन्ही करून देतं. सर्व्हरच्या सेटिंग्ज येईपर्यंत थांबायची गरज नाही, पहिली रिक्वेस्ट लगेच पाठवता येते. फक्त लक्षात असू द्या की त्या क्षणी एकाच वेळी किती स्ट्रीम चालतील ही सर्व्हरची मर्यादा तुम्हाला अजून कळलेली नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: कनेक्शनची विंडो वाढवणं. सेटिंग्जमध्ये सुरुवातीच्या विंडोचा आकडा असतो, तो 1 एमबी केला की काम झालं असं वाटतं. तो आकडा फक्त स्ट्रीमच्या खात्याला लागू होतो. कनेक्शनची विंडो 65,535 बाइटवरच राहते, आणि ती फक्त विंडो अपडेट फ्रेमनेच वाढते. ती फ्रेम वायरवर अशी दिसते:

00 00 04 08 00 00 00 00 00 00 10 00 00

पहिले तीन बाइट पुढच्या मजकुराची लांबी सांगतात: 4. मग 08, म्हणजे विंडो अपडेट. मग फ्लॅग, शून्य. पुढचे चार बाइट स्ट्रीमचा आयडी, तोही शून्य, आणि शून्य म्हणजे "संपूर्ण कनेक्शन". शेवटचे चार बाइट वाढ सांगतात: 10,48,576. आधीच्या 65,535 मध्ये हे मिळवले की विंडो 11,14,111 होते. आता याच्याशेजारी ही दुसरी फ्रेम ठेवून बघा:

00 00 04 03 00 00 00 00 05 00 00 00 08

लांबी तीच. 03 म्हणजे आरएसटी स्ट्रीम (स्ट्रीम रीसेट करणारी फ्रेम), आयडी 5, आणि कारण 8 म्हणजे कॅन्सल. आयडी 5 असलेल्या स्ट्रीमपुरताच हा निरोप आहे. डीबग करताना नऊ बाइटच्या फ्रेम हेडरमधले हे शेवटचे चार बाइट आधी वाचायची सवय लावा. कोणत्या खात्याचा व्यवहार आहे ते तिथेच कळतं.

## विंडो किती ठेवावी

विंडो म्हणजे समोरच्याला दिलेलं वचन: "माझ्याकडून पोच न येताही तू इतके बाइट पाठवू शकतोस." म्हणून वेगाची कमाल मर्यादा विंडो भागिले फेरीचा वेळ. जाऊन-येऊन 100 मिलिसेकंद लागत असतील आणि विंडो 65,535 असेल, तर सेकंदाला फार तर 6,55,350 बाइट, म्हणजे सुमारे 5.2 मेगाबिट. लाइन 100 मेगाबिटची असली तरी. तीच लाइन पूर्ण भरायची तर 12.5 एमबी गुणिले 0.1 सेकंद, म्हणजे 1.25 एमबीची विंडो लागते. "एचटीटीपी/1.1 पेक्षा एचटीटीपी/2 हळू आहे" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच गणित असतं: तिकडे ब्राउझर एका होस्टसाठी साधारण सहा कनेक्शन उघडायचे, इकडे एकच, आणि त्याच्यावर मूळची छोटी विंडो.

मग सरळ मोठी का ठेवू नये? कारण वचन पाळायला मेमरी लागते. 1 एमबीची कनेक्शन विंडो आणि 10,000 कनेक्शन म्हणजे वाईटात वाईट वेळी 10 जीबी बफर. कनेक्शनची विंडो ही तुमच्या मेमरीची कमाल मर्यादा असते, आणि स्ट्रीमची विंडो ठरवते की त्यातला किती वाटा एकटी स्ट्रीम अडवू शकेल. दोन्ही सारख्या ठेवल्या तर एकच आळशी वाचक सगळ्या कनेक्शनचा गळा आवळू शकतो. मी स्ट्रीमची विंडो कनेक्शनच्या चौथ्या किंवा आठव्या हिश्शाएवढी ठेवतो. याला शास्त्र फारसं नाही. तुमच्याकडे एकाच वेळी किती मोठे रिस्पॉन्स चालतात त्यावर हा आकडा हलवा.

## पायरी 3: स्ट्रीम उघडणं

क्लायंटच्या स्ट्रीमचे आयडी विषम, सर्व्हरचे सम. आयडी चढत्या क्रमानेच जातात आणि पुन्हा वापरता येत नाहीत. आयडी 31 बिटांचा असल्याने एका कनेक्शनवर क्लायंटला सुमारे 107 कोटी स्ट्रीम मिळतात. त्या संपल्या की नवं कनेक्शन. इथवर पोचणारे थोडेच, पण एरर हाताळणारी ओळ असू द्या.

इथे एक खड्डा आहे. एच2 मधलं पुढचा मोकळा आयडी देणारं फंक्शन तो आयडी राखून ठेवत नाही. दोन टास्कनी लागोपाठ विचारलं तर दोघांनाही 7 मिळतो. तुम्ही स्वतःचा काउंटर ठेवलात तर दुसरी अडचण: 9 चे हेडर आधी गेले आणि मागून 7 चे, तर 7 ही स्ट्रीम तोवर बंद मानली गेलेली असते, कारण मोठा आयडी उघडला की त्याखालचे न वापरलेले आयडी आपोआप बंद होतात. शिक्षा पुन्हा संपूर्ण कनेक्शनला. म्हणून आयडी मागणं आणि हेडर पाठवणं यांच्यामध्ये एकही अवेट (जिथे टास्क थांबून दुसऱ्याला वाट देतो ती जागा) येऊ देऊ नका.

स्ट्रीमच्या अवस्थांची आकृती सगळीकडे सापडते. व्यवहारात प्रत्येक स्ट्रीमबद्दल दोनच गोष्टी नोंदवल्या तरी पुरतं: आपली बाजू बोलून संपली का, आणि समोरची संपली का. दोन्ही "हो" झाल्या की स्ट्रीम बंद. एक "हो" म्हणजे अर्धी बंद, आणि अर्धी बंद स्ट्रीमसुद्धा मर्यादेत मोजली जाते. गेट रिक्वेस्ट पाठवल्याबरोबर तुमची बाजू बंद होते, तरी रिस्पॉन्स पूर्ण येईपर्यंत तिची जागा अडलेली असते.

ही मर्यादा सर्व्हर सेटिंग्जमधून सांगतो. एनजिन्क्स या वेब सर्व्हरमध्ये ती मुळात 128 असते, गोच्या सर्व्हरमध्ये 250. आरएफसीचा सल्ला आहे की ती 100 च्या खाली नेऊ नये. क्लायंटमध्ये यासाठी सेमाफोर (एकाच वेळी ठरावीक संख्येलाच आत सोडणारा काउंटर) लावा, पण त्याची क्षमता बदलती ठेवा, कारण सर्व्हर सेटिंग्ज मध्येच बदलू शकतो. मर्यादा ओलांडली तर सर्व्हर बहुधा रिफ्यूज्ड स्ट्रीम हे कारण देऊन रीसेट करतो. चांगली गोष्ट अशी की या कारणाचा अर्थ ठरलेला आहे: रिक्वेस्टवर काहीही काम झालेलं नाही. पोस्ट असली तरी ती निर्धास्त पुन्हा पाठवा.

## पायरी 4: डेटा पाठवणं

पाठवताना तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा: स्ट्रीमची विंडो, कनेक्शनची विंडो, आणि फ्रेमचा कमाल आकार, जो मुळात 16,384 बाइट असतो. एच2 मध्ये पहिल्या दोहोंतला लहान आकडा लोकल_फ्लो_कंट्रोल_विंडो देतं. नाव फसवं आहे. "लोकल" म्हणजे इथे "आपण किती पाठवू शकतो". रिमोट नावाचं जुळं फंक्शन समोरचा आपल्याला किती पाठवू शकतो ते सांगतं. हे दोन उलटे वापरलेला कोड छोट्या बॉडीच्या टेस्टमध्ये अगदी हिरवा दिसतो.

हा आकडा शून्याखालीही जाऊ शकतो. सर्व्हरने मध्येच सुरुवातीची विंडो कमी केली तर फरक सगळ्या चालू स्ट्रीममधून वजा होतो. समजा तुम्ही 60,000 बाइट पाठवून बसला आहात आणि सर्व्हर विंडो 65,535 वरून 16,384 वर आणतो. तुमच्याकडे उरते उणे 43,616. पायथनमध्ये ऋण आकड्याने स्लाइस घेतलं तर एरर येत नाही, शेवटचे तेवढे बाइट कापून त्याआधीचे सगळे मिळतात. म्हणून तपास "शून्य आहे का" असा ठेवू नका. "शून्य किंवा कमी आहे का" असा ठेवा.

विंडो संपली की थांबायचं. पण कोणी उठवेपर्यंत? त्या स्ट्रीमचं विंडो अपडेट आलं की, हे सगळे लिहितात. कनेक्शनचं विंडो अपडेट आलं की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना उठवायचं, हे निम्मे लिहितात. सर्व्हरने सेटिंग्जमधून सुरुवातीची विंडो वाढवली की तेव्हाही सगळ्यांना उठवायचं, हे फार थोडे लिहितात, कारण त्या वेळी विंडो अपडेटचा इव्हेंट येतच नाही. येतो तो "समोरच्या सेटिंग्ज बदलल्या" हा. शिवाय स्ट्रीम रीसेट झाली किंवा कनेक्शन गेलं तरी उठवा, नाहीतर ते टास्क कायमचे झोपून राहतील.

एनजीएचटीटीपी2 मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. लायब्ररी डेटा मागते आणि तुमच्याकडे अजून तयार नसतो. तेव्हा शून्य बाइट परत देऊ नका, "डिफर्ड" हा ठरलेला कोड द्या, आणि डेटा तयार झाल्यावर रिझ्यूम_डेटा बोलवायला विसरू नका. विसरलात तर ती स्ट्रीम जिवंत असते, एवढंच.

जाता जाता: शेवटची, रिकामी डेटा फ्रेम, जिच्यावर स्ट्रीम संपल्याचा फ्लॅग असतो, ती विंडो शून्य असतानाही पाठवता येते. तिच्यासाठी थांबून राहिलेला कोड मी पाहिला आहे.

## पायरी 5: डेटा घेणं, आणि तो गळका नळ

आता सुरुवातीच्या दुखण्याकडे. फ्लो कंट्रोल, म्हणजे हा विंडोचा हिशेब, फक्त डेटा फ्रेमला लागू असतं, हेडरला नाही. म्हणून विंडो आटली तरी 200 आणि हेडर मजेत येतात, आणि बॉडी अडते. हे लक्षण दिसलं की नेटवर्क सोडा, हिशेब तपासा.

गळती अशी होते. क्लायंट एक मोठी फाइल मागतो, 30,000 बाइट येतात, ते ॲपच्या बफरमध्ये पडलेले असतात. वापरकर्ता रद्द करतो. कोड आरएसटी स्ट्रीम पाठवतो, बफर टाकून देतो, स्ट्रीमचा ऑब्जेक्ट पुसतो. स्ट्रीमचं खातं साफ. पण ते 30,000 बाइट कनेक्शनच्या विंडोतूनही वजा झालेले होते आणि त्यांची पोच कोणीच दिलेली नाही. 65,535 चे उरले 35,535. आणखी एकदा रद्द केलं: 5,535. आता सगळ्या स्ट्रीमना मिळून एका फेरीत एवढेच बाइट. 100 मिलिसेकंदाच्या फेरीला सेकंदाला जेमतेम 55 केबी. आणखी एक रद्द, आणि आकडा शून्य. आधी मंद, मग बंद.

उपाय साधा आहे. स्ट्रीम कशीही संपो, आलेल्या प्रत्येक बाइटची पोच कनेक्शनला मिळालीच पाहिजे. एच2 मध्ये ॲकनॉलेज_रिसीव्ह्ड_डेटा दोन्ही खात्यांत एकदम जमा करतं, आणि स्ट्रीम आधीच बंद असली तरी कनेक्शनचा वाटा जमा करतं. म्हणून रद्द करताना बफरमध्ये उरलेल्या बाइटचा आकडा देऊन ते बोलवा. आकडा मात्र डेटाच्या लांबीचा देऊ नका. इव्हेंटमध्ये फ्लो_कंट्रोल्ड_लेंग्थ असते ती द्या. फ्रेममध्ये पॅडिंग (भरीचे बाइट) असेल तर तेही विंडोतून वजा झालेलं असतं, आणि डेटाच्या लांबीत ते दिसत नाही. त्यामुळे होणारी गळती थेंबाथेंबाची असते, म्हणून सापडायला आणखी कठीण.

आरएसटी स्ट्रीम पाठवल्यानंतरही वाटेत असलेल्या फ्रेम येतच राहतात. त्यांतला डेटा फेकून द्या, पण मोजून फेका. हेडर आले तर ते डीकोडही करावे लागतात, कारण एचपॅकचं टेबल सामाईक आहे. लायब्ररी हे स्वतः करते. तुमचं काम एवढंच की "या आयडीची स्ट्रीम माझ्याकडे नाही" म्हणून स्वतःचा कोड कोसळू नये.

पोच कधी द्यायची? डेटा हातात आल्यावर लगेच नाही. ॲपने तो खरोखर वापरल्यावर. लगेच दिली तर समोरचा पाठवतच राहतो आणि हळू वाचकामागे मेमरी फुगते. एनजीएचटीटीपी2 मुळात आपणहून पोच देते, म्हणजे नेमकं हेच होतं. ते बंद करायचा पर्याय आहे. तो लावा आणि वापरलेल्या बाइटपुरतं कन्झ्यूम फंक्शन बोलवा.

वरच्या पातळीची लायब्ररी वापरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. गोमध्ये रिस्पॉन्सची बॉडी बंद न करणं हा याच गळतीचा नातेवाईक आहे.

क्विक, म्हणजे एचटीटीपी/3 ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल, रचणाऱ्यांनी या दुखण्याची दखल घेतली. 2021 च्या आरएफसी 9000 मध्ये रीसेटच्या फ्रेमसोबत "फायनल साइझ" पाठवावाच लागतो, म्हणजे त्या स्ट्रीमवर एकूण किती बाइट गेले तो आकडा. वाटेत काही हरवलं तरी कनेक्शनचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा राहतो.

## पायरी 6: एरर कोणाची, आणि पुन्हा पाठवायचं का

एरर दोन प्रकारच्या. स्ट्रीमची एरर म्हणजे आरएसटी स्ट्रीम, बाकीच्यांना धक्का नाही. कनेक्शनची एरर म्हणजे गोअवे (कनेक्शन बंद करत असल्याचं सांगणारी फ्रेम), आणि मग सॉकेट बंद.

गोअवेमध्ये एक आयडी असतो: सर्व्हरने हाताळलेली किंवा हाताळली असण्याची शक्यता असलेली शेवटची स्ट्रीम. त्याहून मोठ्या आयडीच्या रिक्वेस्टना सर्व्हरने हात लावलेला नाही, त्या नव्या कनेक्शनवर बेलाशक पाठवा. त्या आयडीपर्यंतच्या स्ट्रीम अजून पूर्ण होऊ शकतात, त्यांना संपू द्या. गोअवे दिसताच सॉकेट बंद करणारा क्लायंट स्वतःच्याच चालू रिक्वेस्ट मारतो. एनजिन्क्स एका कनेक्शनवर मुळात 1,000 रिक्वेस्ट झाल्या की ते बंद करायला घेतो. गोअवे ही रोजची गोष्ट आहे, अपघात समजून ॲलर्ट लावू नका.

सर्व्हर लिहीत असाल तर बंद करताना गोअवे दोनदा पाठवा. पहिल्यात सर्वांत मोठा शक्य आयडी, 2,14,74,83,647, आणि "एरर नाही" हा कोड: क्लायंटला सूचना मिळते, वाटेत असलेल्या रिक्वेस्टही नाकारल्या जात नाहीत. निदान एक फेरी जाऊ द्या, मग खरा आयडी असलेला दुसरा. चालू स्ट्रीम संपल्या की सॉकेट बंद. एनजीएचटीटीपी2 मध्ये यासाठी वॉन्ट_रीड आणि वॉन्ट_राइट विचारा. दोन्ही शून्य आले की बंद करायची वेळ झाली.

एक विचित्र वाटणारी पण वैध घटना: पूर्ण रिस्पॉन्स आल्यानंतर "एरर नाही" या कोडसह आरएसटी स्ट्रीम येते. सर्व्हर म्हणतोय, "उत्तर दिलं, तुझा उरलेला अपलोड नको." अशा वेळी रिस्पॉन्स फेकून देऊन एरर उडवणं चूक आहे. आरएफसी ते स्पष्ट मना करतो.

## पायरी 7: कनेक्शन जिवंत आहे का

मधला फायरवॉल किंवा नॅट (राउटरमधली पत्ते बदलणारी सोय) शांत कनेक्शन गुपचूप विसरतो आणि कोणालाही कळवत नाही. म्हणून पिंग: 8 बाइट पाठवायचे, तेच परत यायला हवेत. ठरलेल्या वेळेत आले नाहीत तर कनेक्शन मेलेलं समजा आणि त्यावरच्या सगळ्या स्ट्रीमना एरर द्या. पण दर सेकंदाला पिंग मारू नका. जीआरपीसी या एचटीटीपी/2 वर चालणाऱ्या रिमोट कॉल प्रणालीचे सर्व्हर मुळात पाच मिनिटांहून दाट पिंग सहन करत नाहीत. "एन्हान्स युअर काम" (ENHANCE_YOUR_CALM, म्हणजे "जरा शांत व्हा") हा कोड देऊन गोअवे पाठवतात. हे कोडचं खरंखुरं नाव आहे.

टाइमआउटही दोन पातळ्यांवर हवेत. रिक्वेस्टचा टाइमआउट झाला तर तेवढी स्ट्रीम रीसेट करा. त्यासाठी कनेक्शन तोडलंत तर बाकीच्या पन्नास जणांना त्याची शिक्षा. उलट एकामागून एक रिक्वेस्ट टाइमआउट होऊ लागल्या तर पिंग मारून बघा; उत्तर नसेल तर ते कनेक्शन पूलमधून, म्हणजे वापरात ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून, काढा.

पूलबद्दल थोडक्यात. एका सर्व्हरसाठी एक कनेक्शन हे योग्य मूळ धोरण. मात्र एक टीसीपी पॅकेट हरवलं की त्या कनेक्शनवरच्या सगळ्या स्ट्रीम अडतात, म्हणून खराब लाइनवर किंवा स्ट्रीमची मर्यादा सतत गाठत असाल तर दोन-तीन कनेक्शन ठेवणं चालतं. हे अडणं एचटीटीपी/3 मध्ये नाही, पण तिथे स्ट्रीमची मोजणी वेगळी आहे: "एकाच वेळी इतक्या" अशी मर्यादा नसते, "आजवर एकूण इतक्या" अशी चढती परवानगी मिळते, आणि क्लायंटच्या दुतर्फी स्ट्रीमचे आयडी 0, 4, 8 असे जातात. जुना सेमाफोर जसाच्या तसा तिकडे नेऊ नका.

## सर्व्हरवाल्यांसाठी: रीसेट फुकट नसतो

10 ऑक्टोबर 2023 रोजी "रॅपिड रीसेट" हा हल्ला जाहीर झाला; सुरक्षा-दोषांच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-2023-44487. क्लायंट स्ट्रीम उघडतो आणि त्याच दमात रीसेट करतो. प्रोटोकॉलच्या दृष्टीने ती स्ट्रीम बंद, मर्यादेत मोजली जात नाही. सर्व्हरने मात्र हँडलर (रिक्वेस्टचं काम करणारा कोड) सुरू केलेला असतो. 100 ची मर्यादा लावूनही हजारो हँडलर चालू राहतात. गूगलने या हल्ल्यात सेकंदाला 39.8 कोटी रिक्वेस्ट नोंदवल्या.

म्हणून स्ट्रीम किती उघड्या आहेत हे मोजून भागत नाही, हँडलर किती चालू आहेत ते मोजा. रीसेट आला तरी हँडलर खरोखर थांबेपर्यंत त्याची जागा सोडू नका. आणि एकाच कनेक्शनवरून येणाऱ्या रीसेटचं प्रमाण हाताबाहेर गेलं तर गोअवे पाठवून मोकळे व्हा. लायब्ररीची आवृत्ती 2023 च्या आधीची असेल तर आधी ती बदला. एप्रिल 2024 मध्ये कंटिन्यूएशन फ्रेमचा (हेडरचा पुढचा तुकडा नेणाऱ्या फ्रेमचा) पूर आणणारा आणखी एक प्रकार जाहीर झाला, तेव्हा 2023 ची आवृत्तीही पुरेशी नाही.

## तपासायचं कसं

वायरवर काय चाललंय ते पाहायला एनजीएचटीटीपी2 सोबत येणारा एनजीएचटीटीपी हा कमांड लाइन क्लायंट पुरेसा आहे. तपशीलवार मोडमध्ये तो प्रत्येक फ्रेम छापतो. स्वतःच्या प्रोग्रॅमचं बघायचं असेल तर टीएलएसच्या किल्ल्या फाइलमध्ये उतरवून त्या वायरशार्क या नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणाऱ्या टूलला द्या.

टेस्टसाठी विंडो मुद्दाम छोटी ठेवा. सुरुवातीची विंडो 10 बाइट करून 1,000 बाइटची बॉडी पाठवली की पायरी 4 मधल्या बहुतेक चुका सेकंदात उघड्या पडतात. मग तीच विंडो पाठवणं चालू असताना आधी शून्य करा, नंतर वाढवा, आणि थांबलेले टास्क उठतात का ते पाहा. गळतीसाठी दुसरी टेस्ट: एकाच कनेक्शनवर हजार रिक्वेस्ट पाठवा, प्रत्येक बॉडी अर्ध्यावर असताना रद्द करा, वाटेतल्या फ्रेम संपू द्या आणि कनेक्शनची उरलेली विंडो छापा. पोच साठवून एकदम देणारी लायब्ररी असेल तर आकडा सुरुवातीपेक्षा थोडा कमी दिसेल, पण हजारऐवजी दोन हजार रिक्वेस्ट केल्यावर तो आणखी उतरता कामा नये.